वाट, वेळ आणि साठा : पुरवठा साखळीच्या शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पुरवठा साखळी व्यवस्थापन, लॉजिस्टिक्स आणि वाहतूक या विषयांच्या विद्यापीठीय शिक्षणासंबंधी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, लांबलेली थोडी आटोपती घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. मी स्वतः हा विषय बरीच वर्षे शिकवतो आहे, त्यामुळे काही ठिकाणी माहितीपेक्षा मत अधिक डोकावेल. ते मत म्हणूनच वाचावे, ही विनंती.

प्रश्न : माझे शाळेचे शेवटचे वर्ष चालू आहे. विद्यापीठांची माहितीपत्रके चाळताना ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’, ‘लॉजिस्टिक्स’ आणि ‘वाहतूक’ अशा तीन निरनिराळ्या नावांच्या पदव्या दिसल्या. कुठे त्या व्यवस्थापन विभागात आहेत, तर कुठे अभियांत्रिकीच्या. वर्णने वाचून तिन्हींत एकच काहीतरी शिकवत असावेत असे वाटते. तसे असेल तर तीन नावे कशाला, आणि तसे नसेल तर मी निवड कशी करावी?

उत्तर : तिन्ही नावे एकाच गोष्टीची नाहीत, पण त्या गोष्टी एकमेकींच्या पोटात आहेत. माल किंवा माणसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे ही वाहतूक. तिच्या जोडीला गोदाम, साठा, पॅकिंग, ऑर्डरची हाताळणी आणि परत आलेल्या मालाची व्यवस्था आली की ते लॉजिस्टिक्स झाले. पुरवठा साखळी त्याहून व्यापक आहे, कारण तिच्यात कच्चा माल देणाऱ्यापासून शेवटच्या ग्राहकापर्यंतच्या सगळ्या कंपन्या येतात, त्यांच्यातले करार येतात आणि मालाच्या उलट दिशेने सरकणारी मागणीची माहिती व पैसाही येतो. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग तसा तरुणच आहे. १९८२ साली कीथ ऑलिव्हर या व्यवस्थापन सल्लागाराने तो एका वृत्तपत्रीय मुलाखतीत वापरला आणि तिथून तो रुळला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या व्यवसायातील एका मोठ्या अमेरिकी संघटनेचा इतिहास पाहिला तरी शब्दांची ही वाटचाल दिसते. १९६३ साली ती ‘फिजिकल डिस्ट्रिब्युशन’ या नावाने सुरू झाली, १९८५ साली तिच्या नावात ‘लॉजिस्टिक्स’ आले आणि २००५ साली ‘सप्लाय चेन’. पाटी दोनदा बदलली, सभासदांचे रोजचे काम मात्र त्या मानाने फारसे बदलले नसावे.

हे विषय एकत्र का शिकवावे लागतात, हे व्याख्यांपेक्षा एका हिशेबाने लवकर कळते. समजा, एका वस्तूला दररोज सरासरी १०० नगांची मागणी आहे आणि तिचे प्रमाण विचलन, म्हणजे रोजची मागणी सरासरीपासून साधारणपणे किती वर-खाली होते याचे माप, २० नगांचे आहे. ऑर्डर दिल्यापासून माल हाती पडेपर्यंत बरोबर ९ दिवस लागतात. या ९ दिवसांत शंभरपैकी ९५ वेळा माल कमी पडू नये एवढी अपेक्षा ठेवली, तर नेहमीच्या सूत्राने सुमारे ९९ नगांचा जादा साठा, म्हणजे सेफ्टी स्टॉक, पुरतो. आता वाहतूकदार बदलला असे धरा. नवाही सरासरी ९ दिवसच घेतो, पण कधी ६ दिवसांत माल टाकतो, तर कधी १२ दिवस लावतो. त्याच्या वेळेचे प्रमाण विचलन ३ दिवसांचे आहे. तेवढ्याने जादा साठ्याची गरज ९९ वरून ५०३ वर जाते. मागणी बदलली नाही, सरासरी वेळ बदलली नाही, फक्त वेळेचा भरवसा गेला आणि गोदामात पाचपट माल पडून राहू लागला. तिसरा वाहतूकदार १२ दिवस घेतो, पण १२ म्हणजे १२. त्याच्याबरोबर काम केल्यास ११४ नग पुरतात. अर्थात वेळ वाढल्यामुळे वाटेत असलेला माल सरासरी ९०० ऐवजी १,२०० नग होतो, तोही कुणाच्या तरी पैशातून आलेला असतो, आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. पण तो धरूनही एकूण बेरीज १,३१४ येते, तर सरासरीने जलद पण बेभरवशाच्या वाहतूकदाराची १,४०३. म्हणजे वाहतूकदार निवडणाऱ्याने नकळत गोदामाचा आकार ठरवलेला असतो. तो भाडे पाहतो आणि साठ्याचा खर्च दुसऱ्याच विभागाच्या खात्यावर पडतो. आमच्या विषयातील निम्मे प्रश्न या एका वाक्यातून निघतात.

आता निवडीकडे वळू. या विषयात शिरण्याचे साधारण तीन दरवाजे आहेत. व्यवस्थापन विभागात खरेदी, करार, पुरवठादारांशी वाटाघाटी आणि परिव्यय लेखांकन, म्हणजे खर्चाचा हिशेब, यांवर भर असतो. औद्योगिक अभियांत्रिकी किंवा संक्रियात्मक संशोधनाच्या (ऑपरेशन्स रिसर्च) विभागात इष्टतमीकरण (शक्य त्यांतले सर्वोत्तम उत्तर काढण्याचे गणित), संभाव्यता आणि संगणकीय सिम्युलेशन मुख्य असते. तिसरा दरवाजा स्थापत्य अभियांत्रिकीचा. तिथे वाहतूक म्हणजे रस्ते, रेल्वे, प्रवाशांची मागणी आणि जाळ्यातील प्रवाह असा अर्थ असतो, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना ही गोष्ट प्रवेश घेतल्यानंतर कळते. हा विषय कमी प्रतीचा मुळीच नाही. प्रत्येक वाहनचालक स्वतःपुरती लवकरात लवकर पोहोचवणारी वाट निवडू लागला तर रस्त्यांच्या जाळ्यात कोणता समतोल येतो, याचे तत्त्व वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली मांडले. आणि अशा जाळ्यात नवा रस्ता जोडल्यावर काही वेळा सगळ्यांचाच प्रवास लांबतो, हे ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवले. ज्याला शहरे आणि माणसांची ये-जा यांत रस आहे त्याने तिकडेच जावे. मात्र कंपनीच्या मालाचे नियोजन शिकायला म्हणून तिकडे गेलात तर पहिल्याच वर्षी डांबर आणि मृदा यांची प्रात्यक्षिके वाट्याला येतील.

तेव्हा पदवीच्या नावावर वेळ घालवू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांची यादी मागवा. तिच्यात संख्याशास्त्र किमान दोन सत्रे आहे का, साठा नियंत्रण हा स्वतंत्र विषय आहे का, परिव्ययाचा एखादा पेपर आहे का आणि उद्योगात काम करण्याचे सत्र गुणांसह धरले आहे का, एवढे पाहा. यादीत नेतृत्व, संवादकौशल्य आणि ‘जागतिक प्रवाह’ असेच विषय भरले असतील, तर त्या पदवीच्या नावात काहीही लिहिलेले असो, मी ती निवडणार नाही.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. पुरवठा साखळीत पदव्युत्तर पदवी घेण्याची इच्छा आहे, परंतु गणिताची भीती वाटते. या विषयात गणित किती असते? ते टाळून पुढे जाता येते का?

उत्तर : टाळून पुढे जाता येते, पण मग इतरांनी काढलेल्या आकड्यांवर सह्या करण्याचे काम उरते. त्याऐवजी नेमके कोणते गणित लागते ते सांगतो. त्याने भीती कदाचित कमी होईल.

सुरुवात बहुतेक ठिकाणी साठ्याच्या एका जुन्या सूत्राने होते, जे फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली प्रसिद्ध केले. वर्षाला १२,००० नग लागतात, प्रत्येक ऑर्डरमागे ३०० एकक खर्च येतो आणि एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च २० एकक आहे, तर एका वेळी किती मागवावेत? वार्षिक मागणी, ऑर्डरचा खर्च आणि २ यांचा गुणाकार करायचा, त्याला साठवणुकीच्या खर्चाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर ६०० येते. ऑर्डरींचा वार्षिक खर्च ६,०००, साठवणुकीचाही ६,०००, एकूण १२,०००. इथपर्यंतचे गणित शाळेतले आहे. परीक्षेपुरता अभ्यास करणारा इथे थांबतो. पण चांगली शिक्षिका पुढे विचारते की, ६०० ऐवजी कुणी ९०० मागवले तर काय होईल? प्रमाण तब्बल दीडपट चुकले, तरी एकूण खर्च १२,००० चा १३,०००, म्हणजे जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतो. मग आकडा अचूक काढण्याचा आग्रह कितपत धरावा, आणि ते ३०० व २० हे आकडे लेखाविभागाने कुठून आणले याची चौकशी आधी का करू नये? वाणिज्य शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांची इथे सरशी होते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. अभियंत्याला वर्गमूळ पटकन काढता येते, पण साठवणुकीच्या खर्चात भांडवलावरचे व्याज धरायचे की नाही, हे त्याला सुचतेच असे नाही.

त्यापुढची पायरी संभाव्यतेची आहे, आणि खरा जोर तिथेच लावावा लागतो. एकदाच मागवता येणारा आणि मुदतीनंतर वाया जाणारा माल किती घ्यावा, हा तिचा नमुना प्रश्न. कमी पडल्यास बुडणारा नफा आणि उरल्यास होणारे नुकसान यांच्या प्रमाणावर उत्तर ठरते. बुडणारा नफा ३ आणि नुकसान १ असेल, तर शंभरपैकी ७५ वेळा पुरेल इतका माल घ्यावा. सरासरी मागणीएवढा माल घेणे बहुतेक वेळा चूक का असते, हे ज्याला इथे उमगले त्याला पुढचे वर्ष सोपे जाते.

तिसरा भाग रेषीय प्रोग्रॅमिंगचा. अनेक कारखाने, अनेक बाजारपेठा. कुठला माल कुठे पाठवला तर एकूण खर्च कमीत कमी येईल? कांटोरोविच यांनी १९३९ साली आणि हिचकॉक यांनी १९४१ साली अशा प्रश्नांचे गणित मांडले, डँट्झिग यांनी १९४७ साली ते सोडवण्याची सिंप्लेक्स पद्धत दिली, आणि कांटोरोविच व याच विषयावर काम केलेले कूपमन्स यांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे प्रश्न आता संगणक सोडवतो. विद्यार्थ्याने प्रश्नाची मांडणी नीट करावी, एवढीच अपेक्षा असते. मार्गनिश्चितीचे प्रश्न मात्र संगणकालाही जड जातात. गोदाम धरून १० ठिकाणी एका फेरीत जायचे असेल तर वेगवेगळ्या फेऱ्या १,८१,४४० होतात. ठिकाणे २० झाली की ही संख्या ६ वर १६ शून्ये द्यावीत एवढी फुगते. एकेक फेरी तपासत बसणे अशक्य होते, म्हणून इथे पुरेसे चांगले उत्तर वेळेत काढण्याच्या युक्त्या शिकवतात. त्यांतली क्लार्क आणि राइट यांची १९६४ सालची बचतीची पद्धत हाताने करून पाहण्याजोगी आहे.

प्रवेशाला काही महिने असतील तर एकच काम करा. संख्याशास्त्राचे एक प्राथमिक पुस्तक घ्या आणि सरासरी, प्रमाण विचलन, सामान्य वितरण आणि सहसंबंध ही चार प्रकरणे उदाहरणांसह पुरी करा. कलनशास्त्र नंतर पाहता येईल.

प्रश्न : या क्षेत्रासाठी कोणते सॉफ्टवेअर शिकावे?

उत्तर : आधी एक्सेल, तेही पिव्होट टेबल आणि सॉल्व्हरपर्यंत, नंतर एसक्यूएल (साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्याची भाषा), आणि आवड असल्यास पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. ईआरपी प्रणाली, म्हणजे कंपनीच्या सगळ्या विभागांचे व्यवहार एकत्र नोंदणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक कंपनीची वेगळी असते व ती नोकरीत शिकता येते. तिच्या महागड्या खासगी वर्गांना विद्यार्थिदशेत पैसे घालू नयेत.

प्रश्न : सर, मी नऊ वर्षे गोदामात काम करतो आहे, त्यांतली शेवटची तीन पर्यवेक्षक म्हणून. आमच्याकडे महिनोन्महिने एखादा माल येत नाही आणि मग एकदम इतका येतो की ठेवायला जागा राहत नाही. खरेदी विभागाला काही कळत नाही, असे आमचे सर्वांचे मत आहे. आता अर्धवेळ पदवी घ्यावी असे मनात आहे, पण वर्गातल्या मुलांपेक्षा मी वयाने बराच मोठा असेन, आणि ज्यांनी गोदाम आतून पाहिलेले नाही अशा प्राध्यापकांकडून मला नवे काय मिळणार, ही शंकाही आहे.

उत्तर : तुमची शंका मला मान्य आहे, आणि माझ्या व्यवसायाला ती थोडी लागूही पडते. तरीही पदवी घ्यावी असेच मी म्हणेन, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे.

खरेदी विभागाला काही कळत नाही, असे तुम्ही लिहिता. तुमच्या खरेदी विभागाचे तुमच्या पुरवठादाराविषयी नेमके हेच मत असण्याची दाट शक्यता आहे, आणि पुरवठादाराचे त्याच्या कारखान्याविषयी. विद्यापीठांत हे दाखवण्यासाठी एक खेळ खेळवतात, जो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तयार झाला आणि ‘बिअर गेम’ या नावाने ओळखला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागांवर चार जण बसतात. त्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त मागच्याकडे ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. ऑर्डर आणि माल दोन्ही पोहोचायला काही आठवडे लागतात. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ पेट्या असते, पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि खेळ संपेपर्यंत ८ च राहते. बस, एवढाच बदल. तरीही काही आठवड्यांतच टंचाई पडते, घाबरून दुप्पट-तिप्पट ऑर्डरी जातात आणि नंतर सगळा माल एकदम येऊन कोसळतो. खेळ संपल्यावर ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला की बहुतेक खेळाडू मोठमोठे चढउतार काढतात. प्रत्यक्षातली ती एकच पायरी पाहिल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मला दरवर्षी आवडते.

जे फॉरेस्टर यांनी ही वागणूक १९६१ साली उलगडून दाखवली होती. पुढे १९९७ साली ली, पद्मनाभन आणि वांग या तिघांनी तिची चार कारणे सांगितली. प्रत्येक दुवा पुढून आलेल्या ऑर्डरीलाच खरी मागणी समजून अंदाज बांधतो. ऑर्डरी रोज न देता साठवून एकदम देतो. भाव उतरले की गरजेपेक्षा जास्त घेतो. आणि टंचाईच्या काळात कमीच मिळणार हे धरून मुद्दाम फुगवून मागतो. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक मोठा फटकारा मारते, म्हणून याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. तुमच्या गोदामात आदळणारा माल हा बहुधा त्या टोकाचा फटकारा आहे. यांत मूर्ख कुणीच नसतो. प्रत्येक जण आपल्या जागेवरून शहाणपणानेच वागत असतो. नऊ वर्षांच्या अनुभवातून हे दिसत नाही, कारण अनुभव एकाच जागेचा असतो. पदवीतून तुम्हाला मिळेल ते हे.

उलट बाजूने, तुमच्यापाशी जे आहे ते त्या मुलांपाशी नसेल. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम पहिल्या सत्रातच येईल. त्याप्रमाणे गोदामातला सरासरी माल म्हणजे रोजची आवक गुणिले माल आत राहण्याचा सरासरी काळ. ६०० पॅलेट आत असतील आणि रोज ४० येत-जात असतील, तर एक पॅलेट सरासरी १५ दिवस राहते. मुले हे पाठ करतील. या १५ दिवसांच्या सरासरीमागे दोन दिवसांत निघणारा माल आणि कोपऱ्यात वर्षभर धूळ खात पडलेला माल एकत्र दडलेला असतो, हे तुम्हाला आधीच माहीत आहे. वर्गात ते बोलून दाखवा. चांगल्या प्राध्यापकाला त्याचा राग येणार नाही.

व्यवहाराचे दोन मुद्दे. पूर्ण पदवीचा भार एकदम घ्यायचा नसेल तर आधी व्यावसायिक प्रमाणपत्राची परीक्षा देऊन पाहता येते. १९५७ साली ‘एपिक्स’ नावाने सुरू झालेल्या आणि आता ‘एएससीएम’ म्हणवणाऱ्या संघटनेच्या ‘सीपिम’ व ‘सीएससीपी’ या परीक्षा अनेक देशांत ओळखल्या जातात; वाहतुकीकडे कल असल्यास १९१९ साली स्थापन झालेल्या ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लॉजिस्टिक्स अँड ट्रान्सपोर्ट’चे अभ्यासक्रम आहेत. दुसरे म्हणजे, प्रवेशाच्या वेळी कामाच्या अनुभवाबद्दल काही श्रेयांक मिळतात का, हे लेखी विचारा. कार्यालयात तोंडी विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर मिळण्याचा संभव जास्त असतो. वयाचा मुद्दा तुम्ही मांडला आहे खरा, पण अर्धवेळ अभ्यासक्रमांच्या संध्याकाळच्या वर्गांत कामावरून थेट आलेली मंडळीच जास्त असतात.

प्रश्न : पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘जागतिक पुरवठा साखळीवर ब्लॉकचेन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम’ हा विषय घ्यावा असे वाटते. आपले मत कळवावे.

उत्तर : घेऊ नये. एवढ्या मोठ्या विषयावर विद्यार्थ्याला इतरांच्या लेखांचे सार लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही. असे प्रबंध मी पुष्कळ तपासले आहेत. बहुतेकांची पहिली वीस पाने ठरलेली असतात. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तिथून प्रबंध सुरू होतो आणि मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले होते, तिथे येऊन थांबतो. दोन्ही घटना महत्त्वाच्या आहेत, पण त्यांविषयी तुम्हाला नवे सांगण्यासारखे काही आहे का?

त्याऐवजी माल मागवणाऱ्या कोणत्याही एका संस्थेकडून, नावे आणि किमती झाकून का होईना, दोन वर्षांच्या खरेदीच्या नोंदी मिळवा : पुरवठादाराचा सांकेतिक क्रमांक, ऑर्डरचा आकार, ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख आणि माल पोहोचल्याची तारीख. एवढ्या पाच रकान्यांच्या तक्त्यातून उत्तम प्रबंध निघतो. उशीर कोणत्या पुरवठादाराकडून होतो की कोणत्या महिन्यात होतो? तो लहान ऑर्डरींना जास्त होतो का? संस्था साठ्याचा हिशेब करताना वेळ ठरावीक धरते की तिच्यातले चढउतारही मोजते? पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे बहुधा सामान्य वितरणावर, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच पसरणाऱ्या आकड्यांवर, आधारलेली असतात. प्रत्यक्षातल्या उशिरांना मात्र एका बाजूला लांब शेपूट असते, कारण माल दहा दिवस लवकर क्वचितच येतो, पण चाळीस दिवस उशिरा खुशाल येऊ शकतो. त्या शेपटीमुळे ठरलेल्या सूत्राचे उत्तर किती चुकते, हे मोजून दाखवलेत तरी परीक्षक म्हणून माझे समाधान होईल. नोंदी मिळवायला वेळ लागतो आणि परवानगीचे पत्र कुठेतरी अडकतेच, म्हणून विषय मंजूर होण्याची वाट न पाहता अर्ज आजच करावा.

प्रश्न : मी गेल्या वर्षी पदवी घेऊन एका आयात-निर्यात विभागात रुजू झालो. विद्यापीठात शिकलेल्या एकाही सूत्राचा उपयोग होत नाही. दिवसभर कागदपत्रे आणि एफओबी, सीआयएफ असल्या अक्षरांशी झगडतो आहे, जी आम्हाला एका तासिकेत उरकून शिकवली गेली. चार वर्षे फुकट गेली असे वाटते.

उत्तर : ती अक्षरे एका तासिकेत उरकली, हा तुमच्या विभागाचा दोष खराच, आणि तो पुष्कळ ठिकाणी आढळतो. ही अक्षरे इन्कोटर्म्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या करारांत वापरल्या जाणाऱ्या ठरावीक अटींची आहेत. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने हे नियम प्रथम १९३६ साली प्रसिद्ध केले आणि २०२० च्या आवृत्तीत असे ११ नियम आहेत. त्यांतून खर्च कुणाचा, जोखीम कुठे एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि कागदपत्रे कुणी करायची, हे ठरते. मालाची मालकी कधी बदलते हे मात्र त्यांतून ठरत नाही. ते करारात वेगळे लिहावे लागते.

नवख्यांची फसगत सीआयएफमध्ये (किंमत, विमा आणि भाडे) होते. विक्रेता मुक्कामाच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा भरतो, म्हणून तिथपर्यंत जोखीमही त्याचीच असेल, असे वाटते. प्रत्यक्षात जोखीम निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढल्याक्षणीच ग्राहकाकडे जाते, आणि वेगळे ठरलेले नसल्यास विमाही किमान संरक्षणाचाच असतो. दुसरी गोष्ट एफओबीची, ज्यात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची असते. कंटेनर जहाजावर चढण्याच्या बऱ्याच आधी टर्मिनलवर सोपवला जातो. मधल्या काळात त्याला काही झाले, तर एफओबीप्रमाणे नुकसान विक्रेत्याच्या माथी येते, जरी कंटेनर त्याच्या हातातून सुटलेला असला तरी. म्हणूनच कंटेनरच्या मालाला एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम ग्राहकाकडे) वापरावे, असे वाणिज्य मंडळच सांगते, तरी सवयीने एफओबी लिहिले जाते. तुमच्या विभागाचे जुने करार काढून पाहा. हे तुम्हाला तिथेही सापडण्याचा संभव बराच आहे. बिल ऑफ लेडिंगचेही तसेच. ती माल मिळाल्याची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असते आणि हस्तांतरणीय स्वरूपात असेल तर मालावरच्या हक्काचा दस्तऐवजही असते. या तिन्हींपैकी तुमच्या हातातला कागद नेमका कोणत्या कामाला येतो आहे, हे दर वेळी स्वतःला विचारले की महिनाभरात गोंधळ कमी होईल.

राहिला सूत्रांचा प्रश्न. तुमच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक फायलीत माल निघाल्याची, बंदरात पोहोचल्याची आणि सुटल्याची तारीख असते. बहुतेक कार्यालयांत या तारखा फाइल बंद झाल्यावर कुणी पाहत नाही, आणि वरच्या मजल्यावरचे नियोजन वर्षानुवर्षे ‘साधारण तीस दिवस’ अशा अंदाजावर चालते. गेल्या शंभर फायलींतल्या तारखा एका तक्त्यात उतरवा, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा आणि नियोजनाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला नेऊन दाखवा. जादा साठ्याचे सूत्र तुमच्या वहीत कुठे लिहिले होते, ते मात्र त्याआधी शोधून ठेवा, कारण पुढचा प्रश्न तोच विचारला जाईल.